वाढलेली बांगडी

सत्तेचाळिसाव्या वर्षी मला दिवस गेले, आणि तेही दुसऱ्या बाईच्या बीजातून. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, "या वयात बीपी, साखर, मूल लवकर होणं, सगळ्याचीच भीती. त्यात बीज दुसरीचं असलं की बीपी जास्तच दगा देतं. कुठल्याही डॉक्टरपासून हे लपवू नका." मला लपवायचं होतं ते सासूबाईंपासून. मोहाडीत आमचे माग, लुगड्यांचा व्यापार, आणि सासूबाईंना कुळाचा कोण अभिमान! आलेल्या माणसाचं आडनाव कळल्याशिवाय त्या चहाचं आधण ठेवत नसत. त्यामुळे ही गोष्ट फक्त मला आणि नवऱ्याला ठाऊक होती.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. हिरव्या बांगड्या माझ्या नेहमीच्या मापाच्याच होत्या, पण हातात जाईनात. साबण लावून ओढल्यावर एक तडकली. "फुटली," मी म्हणाले, तर सगळ्या बाया माझ्या अंगावर आल्या.

"फुटली नोको म्हनू वं, वाढली म्हन!"

मग अपशकुन टळावा म्हणून कोणी देवापुढे दिवा लावला, कोणी मीठमोहऱ्या ओवाळल्या. हात एवढा काहून सुजला, हे मात्र एकीनेही विचारलं नाही. वाढत होतं ते माझं बीपी. डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. ओटी भरून होताच मी नवऱ्याला आत बोलावलं.

"गाडी काढा. मले बरोबर वाटून नाही राहिलं."

सासूबाई हट्टाने गाडीत बसल्या. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बीपी पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. नवरा म्हणाला, नागपूरला टेस्ट ट्यूबचे उपचार झालेत. डॉक्टरांनी लगेच विचारलं, "बीज यांचं स्वतःचं, की दुसरीचं?"

सासूबाई माझा हात धरून उभ्या होत्या. नवरा भिंतीकडे बघायला लागला. असा संताप आला मला त्याचा! पोटात मूल माझ्या, बीपी वाढून झटके येणार मला, आणि बोलायचंही मीच.

"दुसरीचं," मी म्हणाले.

सासूबाईंनी हात सोडला. डॉक्टर म्हणाले, थांबलो तर दोघांनाही धोका आहे, मूल आत्ताच काढावं लागेल. मला आत नेलं तेव्हा मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

मुलगी झाली, एवढीशी. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती, पण वाचली. मीही वाचले. सासूबाई रोज डबा घेऊन येत, भात गरम असे, पण माझ्याशी एक शब्द बोलत नसत. घरी आल्यावरही त्यांनी मुलीला हात लावला नाही. मला वाटलं, जीव राहिला पण घर गेलं.

मग एक दिवस चुलतसासूबाई बाळ बघायला आल्या. त्यांनी दुपट्याचं टोक बाजूला केलं, बराच वेळ निरखलं.

"बापावर त नाही वाटत. मायवरही नाही. कोनावर गेली वं हे?"

मी दुपट्याचं टोक पुन्हा सारखं केलं. नवरा पुन्हा भिंतीकडे बघायला लागला. तेवढ्यात सासूबाई उठल्या आणि त्यांनी मुलीला माझ्या मांडीवरून उचलून छातीशी धरलं.

"माह्यावर गेली," त्या म्हणाल्या. "मी लहानपनी अशीच होती. तू पाह्यलं होतं का मले?"