बाबांनी निवडलेला रंग

चौबे कॉलोनीतल्या आमच्या घराचं फाटक काही अरुंद नव्हतं. बाबांनी वीस वर्षं त्यातूनच गाडी आत-बाहेर केली होती. पण रायपूर राजधानी झालं, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका सकाळी त्यांनी गाडी सरळ फाटकाच्या खांबाला घासली. मागचं डावं दार चेपलं, रंग खरवडला आणि आतला पत्रा दिसायला लागला.

"खांब कुठून मधे आला?" बाबा खांबावरच चिडले.

माझं डोकं फिरलं. "बाबा, डोळे दाखवा डॉक्टरले. नाहीतर चावी मले द्या."

"जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलं मी. दर तपासणीत डोळे पास. तू मले काय शिकवून राहिला?"

आठवडाभर आमच्या घरात हेच चाललं. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती आणि बाबा तिला रोज याच गाडीतून शाळेत सोडायचे. राजधानीच्या नावानं जिथं-तिथं रस्ते खोदलेले, त्यात साहेब लोकांच्या गाड्यांची घाई. मला धास्ती वाटायची ती पोरीची. पण बाबांनी डोळे वटारले की माझा सगळा आवेश फुस्स व्हायचा. चाळिशी गाठली तरी तेच!

रविवारी उरला कारखाना-वसाहतीच्या रस्त्यावरच्या एका पेंटरकडे गाडी नेली. गाडी मी चालवली आणि बाजूला बसून ब्रेक बाबांनी दाबले, रिकाम्या जागेत.

पेंटर कमी बोलणारा होता. डब्यातला तयार क्रीम रंग लावला तर दार वेगळंच दिसेल, म्हणाला. इतक्या वर्षांत ऊन खाऊन गाडी पिवळसर झाली होती, म्हणून रंग हातानंच जुळवावा लागणार होता. त्यानं पांढऱ्यात पिवळ्याचे थेंब टाकले, काळ्याचा एखादा टाकला, घोटलं आणि पत्र्याच्या तीन तुकड्यांवर तीन रंग लावून उन्हात सुकवले. मग तिन्ही तुकडे बोनेटवर मांडले. पहिला चक्क पांढरा वाटत होता. दुसरा जरा बरा. तिसरा मात्र असा मिसळला होता, की तुकडा कुठं संपतो तेच कळेना. वा रे पठ्ठ्या! मी तोंड उघडणार, तर पेंटरनं हात आडवा केला.

"पहले बाबूजी देखेंगे." गाडी ज्याची, रंग त्यानं निवडायचा, अशी त्याची रीत होती.

बाबा वाकले. बराच वेळ पाहिलं आणि पहिल्या तुकड्यावर बोट ठेवलं. "हाच. डिट्टो आपला."

पेंटरनं माझ्याकडे पाहिलं. "बाबूजी, एक बार छाँव में देख लो."

बाबांनी सावलीत नेऊन पाहिलं. "हव भैया, यही है."

मला आठवडाभर हवा होता तो पुरावा समोर पडला होता. एक वाक्य बोलायचं होतं, बस. पण बाबा बोनेटवर हात ठेवून इतके खुश उभे होते, की माझी जीभच उचलेना. दाराचाच तर रंग आहे, जाऊ दे, असं मी मनाशी म्हटलं. पेंटरला सांगितलं, "जो बाबूजी बोले, वही लगा दो."

क्रीम गाडीला पांढरं दार लागून आलं. बायको काही बोलणार, तर मी तिला डोळ्यांनीच दटावलं. पण पोट्टी कुठली ऐकते! तिला मराठी सगळी समजते, बोलते मात्र हिंदीत. "आजोबा, एक दरवाजा अलग कलर का क्यों है?"

"उन्हानं तसं दिसते, बाळा," बाबा हसले.

हिवाळाभर ते तिला शाळेत सोडत राहिले. मी रोज फाटकाशी उभा राहून गाडी वळेपर्यंत पाहत राहायचो. संध्याकाळी ऑफिसातून आलो की आधी तिचं दप्तर जागेवर आहे का, ते बघायचो. लाज वाटायची स्वतःची, पण बोललो नाही ते नाहीच.

उन्हाळ्याच्या तोंडावर बाबांना पेपरातले मोठे मथळेसुद्धा लागेनात, तेव्हा ते आपणहून डॉक्टरकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पट्टी निघाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात गेले. गाडीभोवती फिरून मागच्या दाराशी थांबले. काळा चष्मा वर केला. 'पेंटरनं फसवलं' हे खोटं मी तयार ठेवलं होतं.

"त्या दिवशी तुले दिसत होतं?" त्यांनी विचारलं.

खोटं काही तोंडातून निघालं नाही. "हो बाबा."

आता रंगावरून ओरडतील, असं मला वाटलं. पण त्यांनी त्या पांढऱ्या दारावर हात ठेवला.

"मग मले सांगितलं काहून नाही? पोट्टी याच दाराशी बसत होती ना रे."