कुंडीत ओतलेलं पाणी

लेक दिवाळीला येणार होती, तिच्याऐवजी पाकीट आलं. इटलीत तिच्या ऑफिसात काम करणारी करमाडची एक मुलगी सुट्टीवर आली होती, ती पडेगावला घरी येऊन देऊन गेली. चहासुद्धा धड प्यायली नाही.

पाकिटात वाळवलेल्या अळंब्या होत्या. पोर्चिनी म्हणतात म्हणे. दिसायला वांग्याच्या वाळवलेल्या फोडींसारख्या. आमच्याकडे असल्या उगवणीला कुत्र्याची छत्री म्हणतात आणि पायानं उडवतात. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? आईला भेटायला रजा मिळत नाही आणि छत्र्या पाठवायला सवड मिळते.

त्या कशा करायच्या याचा लांबलचक निरोप तिनं फोनवर बोलून पाठवला होता. कोमट पाण्यात भिजवायच्या, इथपर्यंत ऐकून मी तो बंद केला. जन्मभर मटकी भिजवत आलेल्या बाईला भिजवणं काय शिकवायचं! भिजल्यावर पाणी काळपट, गढूळ झालं, तळाशी वाळूचे कण. भिजवणाचं पाणी आम्ही झाडांना घालतो, तसं तेही कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. अळंब्या खळखळून धुतल्या आणि येसराच्या आमटीत सोडल्या. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं मसालेदार पीठ, त्याच्या आमटीत काहीही खपून जातं. ह्या खपल्या नाहीत. नुसत्या चघळत बसले.

जेवतानाच लेकीचा व्हिडिओ कॉल आला. रविवार होता. ताट दाखव म्हणाली, दाखवलं. वास कसा सुटलाय, हे पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मी म्हणाले, वास कसला, येसराचाच.

"आई, ते पाणी टाकलंस का? सगळा वास त्या पाण्यातच असतो गं. बाबांच्या रश्शासारखा येतो. म्हणून तर पाठवल्या."

हे गेल्यापासून घरात मटण शिजलेलं नाही. रविवारचा रस्सा त्यांचाच असायचा, मला ओट्याजवळ फिरकू द्यायचे नाहीत. सगळं झालं की हाक मारायचे, माझ्या तळहातावर चार थेंब टाकायचे आणि म्हणायचे, "मीठ बघ गं." आता एकटीपुरतं पाव किलो मागायला खाटकाच्या दुकानात जायचं माझ्यानं होत नाही. हे मी लेकीला कधी बोलले नव्हते. तिला कसं कळलं कोण जाणे.

फोन ठेवला आणि कुंडीशी वाकून माती हुंगली. मातीचाच वास आला. फार एकटं वाटलं.

पाकिटात मूठभर उरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप शेवटपर्यंत ऐकला. भिजवणाचं पाणी फडक्यातून गाळून बाजूला ठेवलं, कांदा-खोबरं भाजून वाटलं, फोडणीत परतलं आणि त्यावर ते गढूळ पाणी ओतलं. उकळी फुटली तसा वास घरभर झाला. अगदी तोच नव्हता, पण त्याच्या भावकीतला होता. मी नकळत ओट्यापासून बाजूला सरकले. पदराला हात पुसला आणि तळवा पुढं केला.

तो तसाच राहिला थोडा वेळ. मग पळीतले चार थेंब मीच त्यावर टाकून घेतले.

मीठ कमी होतं. तसं मी मोठ्यानं सांगितलंसुद्धा.