सैपाकखोलीतून कामाला

पवनीत आले त्याच दुपारी साहेबांनी मला दोन खोल्या दाखवल्या आणि म्हणाले, "संध्याकाळपर्यंत ठरव. उद्या पहाटे सहाला दूध येणार."

साहेब म्हणजे आमच्या दूध शीतकरण केंद्राचे व्यवस्थापक. मूळचे सांगोल्याकडचे, माझ्याच भागातले. आमच्या गावच्या डेअरीत मी दुधाचं फॅट तपासायचे, ते काम त्यांनीच शिकवलेलं. आठवीत माझी शाळा सुटली. पण दुधाचा कॅन उघडला की नुसत्या वासावरून मला बरंच काही कळतं. इकडे नवीन केंद्र निघालं तेव्हा त्यांनी माझं नाव घातलं. आठवीत शाळा सोडलेल्या मुलीसाठी त्यांना वर काय काय बोलावं लागलं असेल, हाच विचार मी महाराष्ट्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडीत करत आले होते. तीन महिने तात्पुरतं, मग बघू, असं ठरलं होतं.

पहिली खोली गावाबाहेर, लेआउटमध्ये. शेताचे प्लॉट पाडून नवी घरं उठली की इकडे त्याला लेआउट म्हणतात. घरं मोजकी, मधल्या मोकळ्या प्लॉटांत अजून धानाची धसकटं. खोलीला टाइल्स, नळ आत, न्हाणीघर स्वतःचं, आणि केंद्र पायी पाच मिनिटांवर. मालक भला माणूस होता. किल्ली फिरवत म्हणाला, "तुमाले इथं कोणाचा तरास नाई. कोणी येतच नाई इकडे."

त्यानं चांगल्याच अर्थानं सांगितलं. पण मला ती खोली तिथंच नकोशी झाली.

कारण याआधी मी पुण्याला एका पॅकिंगच्या कंपनीत लागले होते. तिथंही खोली छान होती, पाचवा मजला, वेगळी किल्ली. कामावरून यायचं, दार लावायचं, सकाळी दार उघडायचं. मधे कुणी 'जेवलीस का' म्हणणारं नाही. अकराव्या दिवशी कुणाला न सांगता मी एसटीत बसले आणि गाव गाठलं. दादानं तेव्हा मला ठेवून घेतलं. पण पवनीला निघताना त्यानं स्टँडवर पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "एकदा झालं ते झालं. या वेळी परत आलीस तर पुन्हा पाठवायची नाही. आम्ही दाखवू ते स्थळ बघायचं." रागानं नाही म्हणाला, थकून म्हणाला. ते जास्त लागलं.

दुसरी खोली जुन्या गावात, विणकरांच्या गल्लीत. गल्ली पुढे बंद होणारी, खोली अगदी शेवटी, अंधारी. नळ गल्लीत, संडास तिघांत एक. केंद्र सायकलनं पंचवीस मिनिटं. आम्ही पोचलो तेव्हा समोरच्या घराच्या ओट्याजवळ बादलीत पांढरं पातळ काहीतरी होतं. मी सवयीनं वाकले, वास घेतला आणि साहेबांना म्हणाले, "हे दूध गेलंय. आंबलंय पूर्ण."

ओट्यावर बसलेल्या बाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आतून त्यांचा नवरा विचारत होता, काय झालं. "काई नाई जी," त्या म्हणाल्या, "मांडाले दूध म्हणून राहिली पोरगी. नासलं म्हणते."

तो भाताचा मांड होता, विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला पाजायचा. त्या दोघांच्याच घरात आता माग चालतो, गल्लीतल्या बाकीच्यांचे कधीच बंद झालेत. मी शरमेनं खाली बघत राहिले. तेवढ्यात त्या काकूंनी मला कुठची, किती भावंडं, लग्न काहून नाही झालं, भात खाते की भाकर, आणि एवढ्या दूर आईनं कसं धाडलं, एवढं सगळं विचारून घेतलं. दोन घरं सोडून राहणाऱ्या म्हातारबाबांनी तेच सगळं पुन्हा विचारलं, कारण त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं.

संध्याकाळी मी साहेबांना सांगितलं, गल्लीतली खोली घेते.

"येडी आहेस का तू? सहाची ड्यूटी आहे."

"सायकलची सवय आहे, साहेब."

खरं कारण सांगायची लाज वाटली. फोनवर आई म्हणाली, "आगं, घरात आलेला नळ सोडून रस्त्यावरचा घेतलास? तुझं नशीबच तसलं." पण तिचा आवाज हलका झाला होता, ते मला कळलं. काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि तिला म्हणाल्या, "काळजी नोका करू बाई, पोरगी आमच्या डोयासमोर हाय." आईला बोली निम्मी कळली असेल, पण ती पुढे कितीतरी दिवस ते वाक्य शेजारणींना सांगत होती.

पहिला महिना बरा गेला. साडेपाचला सायकल काढायची, वेशीतून बाहेर पडायचं, सहाच्या आत केंद्र. पहिल्या आठवड्यात भीतीनं मी तीनदा घड्याळ बघायला उठायचे. नंतर दोनदा.

मग ऊन वाढलं. एका पहाटे दार उघडलं तर गल्ली बंद.

या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूच्या कैच्या, म्हणजे फुलीसारखे टेकू, उभ्या होत्या आणि त्यांच्यावर लांब ताणलेल्या शेकडो उभ्या सुतांचा ताणा, कमरेच्या उंचीवर, ओला. काकूंचे यजमान, काकाजी, एका बाजूनं आणि काकू दुसऱ्या बाजूनं, कुंच्यानं मांड फिरवत चालले होते. थंडीत हे काम ते मी गेल्यावर करायचे. उन्हाळ्यात सूर्य वर आला की सूत नीट पाजायच्या आतच वाळून कडक होतं, म्हणून पहाटे. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांना यात सांगण्यासारखं काही वाटलंच नसणार. गल्लीतल्या सगळ्यांना जन्मापासून ठाऊक. ताण्याच्या दिवशी कुणी सायकल काढत नाही, कुणी ताणा ओलांडत नाही.

"थांब थोडी," काकाजी म्हणाले. "वाळू दे."

"किती वेळ, काकाजी?"

"एक घंटा."

माझ्या डोक्यात सहाचा आकडा बसलेला. भिंत आणि ताणा यांच्यामधे वीतभर जागा दिसली आणि मी सायकल आडवी करून त्यातून काढायला गेले. चार पावलं बरी गेली. पाचव्याला हँडलचा ब्रेक सुतांत अडकला. आवाजसुद्धा झाला नाही. नुसती सात-आठ सुतं सैल होऊन खाली लोंबली.

काकाजींनी कुंचा खाली ठेवला, बोटं धोतराला पुसली आणि एकेक टोक शोधून गाठी मारायला लागले. ते शिव्या देते तर मी पळाले असते. तसंच सोडून जायचा धीर होईना, म्हणून सायकल धरून मी उभी राहिले. काकूच मग म्हणाल्या, "तू काय पाहून राहिली? सायकल ठेव, भिंतीले घासून निंग, पायी जा."

मी धावत गेले. पोचले तेव्हा पावणेसात झाले होते. कॅन रस्त्यापर्यंत रांगेत. एक शेतकरी मला बघून म्हणाला, "बाई, दूध नासलं तं कोणाच्या नावानं लिवू?" कोणी हसलं नाही. ऊन चढत होतं आणि उन्हाळ्याचं दूध कुणासाठी थांबत नाही. साहेबांनी आधी सगळे कॅन होऊ दिले. नंतर आत बोलावून म्हणाले, "आजचं मी पोटात घालतो. पुन्हा झालं तर वर कळवावं लागेल. तुझ्यासाठी शब्द टाकलाय मी, विसरू नकोस."

मी विसरले कधी नव्हतेच.

त्या संध्याकाळी मी आधी लेआउटमध्ये गेले. खोली अजून रिकामी होती. मालक म्हणाला, उद्याच या सामान घेऊन. परत येताना मी रडत होते, पण ठरलं होतं. एकटं वाटलं तर वाटलं. मन घट्ट करून दोन महिने काढायचे, काम टिकवायचं.

काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. काकाजी शेजारी कांडीवर सूत भरत होते.

"काकू, मी खोली सोडते म्हणते."

"काहून वो? कोणी बोललं काय तुले?"

"कुणी नाही. पण उन्हाळाभर ताणा लागणार. मला पुन्हा उशीर झाला तर काम जाईल. काम गेलं तर घरचे पुन्हा कुठं पाठवणार नाहीत."

काकाजी सुतावरची नजर न काढता म्हणाले, "मंग आपण ताणा भर दुपारी लावू. सूत तुटलं तं हे बाई जोडून देईन. आज शिकलीच हाय."

"तुमी गुमान राहा जी." काकूंनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मी काही साधी गोष्ट विसरले आहे. "आपल्या घराले मांगून दार हाय ना. सांदवाडीतून सिद्दी सडकेवर निंगतेस. सायकल रातच्याले तिथंच ठेवत जा."

"तुमच्या घरातून जाऊ?"

"मंग काय माह्या डोक्यावरून जातेस?"

आमच्याकडे परक्या माणसाला पडवीच्या आत घेताना चार वेळा विचार करतात. काकूंनी मात्र फक्त दोन अटी घातल्या. "चपला हातात घ्याच्या. आन् आंघोळ करून याचं. मधात सैपाकखोली लागते, तिथं देव हाय. पारोसं पाऊल मले चालत नाई."

दोन दिवसांनी ताणा लागला. साडेचारला उठून गल्लीच्या नळाच्या पाण्यानं आंघोळ केली, ताण्याच्या टोकाला वळसा घालून दोन पावलांत गल्ली ओलांडली आणि त्यांच्या उघड्या दारातून आत शिरले. घरात कुणी नव्हतं, दोघंही बाहेर ताण्यावर. बैठकीत माग, त्याला वळसा, मग सैपाकखोली. अंधारात देवासमोरची वात तेवढी. मी श्वास रोखून चालले होते. तरी कोपर लागून एक झाकण खाली पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं.

बाहेरून काकाजींचा आवाज आला, "मांजर हाय का दूधवाली?"

"मी आहे, काकाजी."

"मंग फिरू दे."

मागच्या दाराची कडी जड होती, ती वर उचलून ओढावी लागते. सांदवाडीत, म्हणजे मागच्या परसात, शेवग्याखाली सायकल. सहाला दहा कमी असताना मी केंद्रावर होते.

मला वेगळीच चिंता लागली. त्या घरातून काही हरवलं तर पहिलं नाव माझं येईल. म्हणून मी दोन्ही हातांत चपला धरून, कुठं बघायचं नाही असं ठरवून चालायचे. शेवटी एकदा काकूंना म्हणालेच, "तुम्ही घर उघडं टाकता. मला भीती वाटते."

"चोराले आवडन असं काय हाय माह्या घरात? एक साडी हाय, ते तं अजून ताण्यावर हाय."

ताण्याच्या दिवशी चुलीशेजारी बशीनं झाकलेला चहा असायचा. मी नको म्हटलं तर म्हणायच्या, दोघाचा होतेच, त्यात काय. मग एक दिवस ताणा नव्हता म्हणून मी गल्लीतूनच गेले. संध्याकाळी काकूंचा चेहरा उतरलेला. "आज तुहा चा तसाच राह्यला वो. काहून नाई आली? पारोशी होती काय?" तेव्हापासून ताणा असो नसो, मी रोज घरातूनच जायला लागले. मला उठवायलाही काकूच यायच्या. दारावर दोन थापा, आणि "पाणी तापून राह्यलं." मी घड्याळ बघायला उठणं कधी सोडलं ते आठवत नाही.

तीन महिने संपले त्या दिवशी साहेबांनी एक छापील कागद पुढे ठेवला. "भरून आण. आता कायम. आणि ऐक, लेआउटची खोली अजून रिकामी आहे. आता तरी जवळ ये. पावसात तो रस्ता सगळा चिखल होतो."

कागदावर दोन रकाने होते, कायमचा पत्ता आणि स्थानिक पत्ता. सांगोल्याचा मला पाठ. दुसरा तोवर मी कुठेच लिहिला नव्हता. बँकेत, आधारला, सगळीकडे घरचाच देत आले होते. परत जावं लागलं तर खोडाखोड नको, असं मनात असावं.

संध्याकाळी ओट्यावर बसून काकाजींना विचारलं, पत्ता काय लिहू.

"लिव. विणकर गल्ली. आमच्या घरासमोर."

"समोर कायले?" काकू आतून म्हणाल्या. "पोरगी तं घरातून जाते."

"पोस्टमनले तसं समजत नाई ना बापा."

"मंग आमच्या घरीच लिव म्हणा. पोस्टमन इथंच तं बसते पाणी प्याले."

काकाजींनी मान डोलावली. मी त्यांचं नाव विचारून घेतलं, कारण तीन महिने मी काकाजीच म्हणत होते, आणि त्याच्यापुढे 'यांचे घरी' असं लिहिलं. अक्षर वाकडं आलं. आठवीनंतर लिहायची वेळ कमीच आली होती.

सकाळी तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पत्ता दोनदा वाचला. मग खिशातून फोन काढला, लेआउटच्या मालकाला लावला आणि म्हणाले, "तुमची खोली दुसऱ्या कुणाला द्या. आमची बाई काही येत नाही."