पहाटेच्या पाण्याची पाळी

बातम्या शोधायला आपल्याला जावं लागतं, किस्से मात्र आपणहून घरी येऊन बसतात. तीस वर्षं वार्ताहर म्हणून मी नगरपालिकेपासून तुरुंगापर्यंत सगळीकडे भांडले. त्यातली एकही बातमी आज कुणाला आठवत नाही. मग नवऱ्याच्या नोकरीमुळे मस्कतला आले, तिथल्या सीब भागात दर शुक्रवारी सकाळी मासे पाळणारी चार मराठी माणसं चहाला जमतात तिथे जाऊन बसायला लागले, आणि दोन हिवाळ्यांत एवढं साठलं की आता सांगितल्याशिवाय राहवत नाही. सगळे किस्से एकाच तळ्याचे!

आणि आधीच सांगून ठेवते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बुवाबाजीवर लेखमाला लिहून धमक्या झेललेली बाई आहे मी.

* * *

जबल अख्दर हा मस्कतहून अडीच-तीन तासांवरचा डोंगर. वर डाळिंबाच्या बागा, गुलाबाचे मळे, आणि जानेवारीत पाण्यावर बर्फ धरणारी पहाट. तिथल्या एका घराच्या परसात मासे पाळलेलं तळं आहे आणि ते गोठू नये म्हणून आमचा कांबळे काय काय करतो, यावर मी पुण्याच्या एका संपादकाला लेख पाठवला.

त्याचा फोन आला. "मॅडम, ओमानमध्ये बर्फ? विनोदी पुरवणी आपण कधीच बंद केली!"

"नकाशा उघडा, डोंगराची उंची बघा, मग बोला."

"वाचक हसतील हो."

माझं डोकं फिरलं. मी त्याला तळ्याचा फोटो पाठवला. काठापासून काठापर्यंत पांढरा बर्फ, आणि भिंतीच्या बाजूला ताटाएवढं गोल भोक, त्यात काळं पाणी.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "फोटो मस्त. पण ते भोक कॉम्प्युटरवर केलंय ना? फारच गोल आहे!"

आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या संपादकाला उलट उत्तर दिलं नाही.

* * *

कांबळे कुरुमच्या एका कंपनीत मेंटेनन्स इंजिनिअर. शिस्तीचा माणूस, स्क्रूसुद्धा मोजून लावणारा. त्याचे मालक हमद, म्हणजे त्याचे अर्बाब, यांचं वडिलोपार्जित घर त्या डोंगरावर. एका डिसेंबरात अर्बाबनी त्याला बोलावलं. "वडिलांचं तळं गोठायला लागलंय. मासे वाचले पाहिजेत."

आता गंमत बघा. मस्कतमध्ये मासे पाळणाऱ्याचं सगळं आयुष्य पाणी थंड करण्यात जातं. मे महिन्यात आम्ही टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडतो. त्यामुळे पाणी गरम कसं ठेवायचं, हे आमच्या अख्ख्या ग्रुपला ठाऊक नव्हतं!

कांबळेनं मुकादमभाईंना फोन केला. मुकादमभाई मूळचे दापोलीचे, मस्कतच्या गाला भागात त्यांचं पंप-पाइपांचं दुकान. "भाई, तळ्यासाठी मशीन पाठवा, अर्जंट!" मुकादमभाईंनी तासाभरात खोकं गाडीत चढवलं. कांबळे डोंगर चढून वर गेला, काकडत्या हातांनी खोकं उघडलं, आणि आत चिलर! पाणी गार करायचं मशीन!

"भाई, इथं बोटं वाकत नाहीत माझी, आणि तुम्ही तळ्याला एसी पाठवताय?"

"अरे बाबा, तीस वर्षांत इथे तळं तापवायला कुणी मागितलंच नाही! हात सवयीनं त्याच खोक्याकडे गेला!"

शुक्रवारी आम्ही पोट धरून हसलो. कांबळे हसला नाही. "ताई, त्या रात्री मी काहीच करू शकलो नाही. सकाळी बघतो तर सगळं तळं गोठलेलं आणि एक भोक उघडं. गोल. तिथून मासे तोंड काढत होते."

"कुणीतरी केलं असेल," मी म्हटलं.

"घरात मी आणि अर्बाबची आई. दोघंच."

* * *

तळं वरून पूर्ण बंद झालं, की आतली खराब हवा बाहेर पडत नाही आणि मासे गुदमरतात. भोक ताटाएवढं असलं तरी पुरे, पण ते उघडं राहिलं पाहिजे. हे शहाणपण कांबळेला नंतर आलं. आधी त्यानं आपलं इंजिनिअरिंग चालवलं. दुसऱ्या दिवशी हातोडा घेतला आणि बर्फ फोडायला लागला!

तिसऱ्या घावाला घरातून म्हातारीची हाक आली. उम्म हमद, म्हणजे हमदची आई. गुडघे गेलेले, काठीशिवाय पाऊल उचलत नाही. ती काठी आपटत दारात आली आणि नुसता हात वर केला. कांबळे थांबला. पण हातोड्याच्या दणक्यानं दोन मासे उलटे होऊन वर आले होते. बंद पाण्यात तो हादरा माशांच्या अंगात घुसतो.

अठराचे सोळा झाले.

तेव्हा कांबळेला खरी गोष्ट कळली. नवरा गेल्यावर मुलगा म्हातारीला मस्कतला न्यायला आला होता. ती म्हणाली, "तुझ्या वडिलांचे मासे आहेत तोवर मी इथे. मासे संपले की तू म्हणशील तिकडे." दोघांनी तसा शब्द दिलेला. म्हणजे तळं गोठलं, की म्हातारीचं घर सुटलं!

"ताई, मी मारलेले दोन मासे म्हणजे तिच्या दोन खोल्या पाडल्यासारखं झालं," कांबळे म्हणाला. त्याच्या चहावर साय धरली होती.

"ती काही बोलली का?"

"मुकादमभाईंना फोन लावून तिच्या हातात दिला. भाईंनी अर्थ सांगितला. ती म्हणत होती, याला सांगा, लोखंड लावू नकोस. तो कधी लोखंड लावत नाही."

"तो कोण?"

कांबळेनं चहा तसाच ठेवला.

* * *

माझ्यातली वार्ताहर जागी झाली. कुणीतरी म्हाताऱ्या बाईला खेळवतंय, याचा मला संताप आला. पुढच्या शुक्रवारी मुकादमभाईंना दुभाष्या म्हणून गाडीत घातलं आणि वर गेले.

भोकाचं रहस्य दहा मिनिटांत सुटलं! त्या गावात फलज आहे, म्हणजे झऱ्याचं पाणी घरोघर फिरवणारा दगडी पाट. आपल्याकडे थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतं, तसंच हेही कोमट. पाटाला तळ्याच्या भिंतीत एक तोंड आहे आणि ते फडक्यात गुंडाळलेल्या दगडानं बंद करतात. प्रत्येक घराला पाण्याची पाळी ठरलेली. अबू हमदची, म्हणजे म्हातारीच्या नवऱ्याची, पाळी पहाटेची. तो रोज दगड काढायचा, कोमट पाणी आत सोडायचा, भोक पडायचं. ओलं फडकं पिळून भिंतीवर वाळत घालायचा, आणि पाळी संपली की कोरडं फडकं गुंडाळून तोंड बंद करायचा.

"बघा! यात भूत कुठे आहे?" मी म्हटलं.

"पण तो जाऊन तीन वर्षं झाली, ताई," मुकादमभाई म्हणाले. "आणि फडकं बघा."

फडकं भिंतीवर होतं. पिळलेलं. ओलं.

पाट सांभाळणारा खमीस नावाचा म्हातारा जवळच डाळिंबाच्या आळ्यात बसला होता. मी मुकादमभाईंना विचारायला लावलं, "अबू हमद गेल्यावर पहाटेची पाळी कुणाला दिली?"

"कुणालाच नाही."

"का? पाण्यावरून तर सगळीकडे भांडणं होतात!"

खमीसनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मी नव्या उमेदवार वार्ताहरांकडे बघायचे. "चालू पाळी दुसऱ्याला कशी देणार?"

एवढं बोलून त्यानं हात झटकले. "खलास." आणि खाली मान घालून माती सारखी करायला लागला.

* * *

पुढच्या हिवाळ्यात हीटर आला, बसला. पण डोंगरावर वीज गेली की तो नुसता डबा. म्हणून कांबळेनं बॅटरीवरचा कॅमेरा भिंतीकडे तोंड करून लावला. "ताई, आता पुरावा!"

शुक्रवारी आम्ही लॅपटॉपभोवती डोकी घालून बसलो. पडद्यावर भिंत, दगड, बर्फ. उजाडू लागलं. मग काच धुरकट झाली. कोमट पाण्याची वाफ. दोन मिनिटं सगळं पांढरं. काच निवळली तेव्हा दगड बाजूला होता, पाणी आत येत होतं.

"हॅत्तेरी! नेमकी वाफ आडवी आली!" मी टेबलावर हात आपटला.

मुकादमभाईंनी फिल्म मागे नेली. पुन्हा नेली. मग चष्मा काढून म्हणाले, "ताई, वाफ पाण्याची. पाणी दगड काढल्यावर येणार. मग वाफ आली तेव्हा दगड जागेवर कसा?"

त्या शुक्रवारी भजी तशीच राहिली.

* * *

आता माझा संशय म्हातारीवरच गेला. मी कांबळेला घेऊन तिच्याकडे मुक्कामाला गेले. बाईमाणूस असल्यानं माझी तिच्या खोलीत झोपायची सोय झाली, कांबळेची बाहेरच्या खोलीत. मी अंथरूण घातलं ते बरोबर दाराला आडवं. खिडकीला गज.

झोपण्याआधी मी आणखी एक काम केलं. मतपेट्यांना सील लावताना मी आयुष्यभर बघितलेलं आहे. कागदाची पट्टी घेतली, त्यावर सही केली, आणि अर्धी दगडावर, अर्धी भिंतीवर अशी डिंकानं चिकटवली. दगड हलला की पट्टी फाटणार!

उजाडल्यावर कांबळेची हाक आली. दगड दोन हात लांब. पट्टी कुठेही फाटलेली नव्हती. नीट चौघडी करून ती कोरड्या कोपऱ्यात एका खड्याखाली ठेवली होती. सही माझीच.

मी धावत आत गेले. उम्म हमद अंथरुणातच होती, मी दारातल्या अंथरुणावरून उठले तेव्हा होती तशीच. मी काही विचारायच्या आत तिनं मुकादमभाईंना फोन लावायची खूण केली, दोन वाक्यं बोलली आणि फोन माझ्या हातात दिला.

मुकादमभाई म्हणाले, "ती म्हणतेय, कागद भिजला असता. म्हणून त्यानं बाजूला ठेवलाय."

* * *

आणि आता शेवटचा.

या जानेवारीत वर फलजचा एक तुकडा कोसळला. खमीसनं झऱ्यापाशीच पाणी वळवलं आणि दुरुस्ती सुरू केली. पाट दोन दिवस कोरडा. त्यातच वीज गेली. कांबळेचा फोन आला, "ताई, पूर्ण तळं बंद झालंय. भोक नाही. कालपासून नाही." मी आणि मुकादमभाई अंधारातच निघालो.

पोचलो तेव्हा तांबडं फुटत होतं. कांबळे चुलीवर पातेली तापवून बर्फावर ठेवत होता. तेवढंच वितळायचं, पातेलं उचललं की पुन्हा साय धरायची. त्याचे डोळे धुरानं लाल झाले होते. "खाली हालचाल दिसत नाही, ताई."

अर्बाब हमदही आले होते. गाडी दारात उभी. उम्म हमद उंबऱ्यावर बसली होती. शेजारी गाठोडं, बांधलेलं.

"साब, एक घंटा दीजिए," कांबळे म्हणाला.

"कांबळे, तुम्हारी गलती नहीं," हमद म्हणाले. "उम्मी भी जानती है."

मी भिंतीपाशी गेले. दगड जागेवर होता, फडकं गुंडाळलेलं, थंडीनं लाकडासारखं कडक. वरच्या पाटात हात घातला. धूळ आणि डाळिंबाची वाळकी पानं. मुकादमभाईंनीही हात घालून बघितला आणि धूळ पँटला पुसली.

हमद आईचं गाठोडं उचलायला वाकले. तिनं गाठोड्यावर हात ठेवला. "शुवय," ती म्हणाली. थोडं थांब.

आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. किती वेळ, सांगता येणार नाही. एक श्वास, फार तर दोन.

मागे बर्फ तडकला.

वळून बघितलं तर भिंतीवर वाफ होती. दगड बाजूला. तोंडातून मनगटाएवढी धार तळ्यात पडत होती आणि तिच्याखाली बर्फ गोल वितळत चालला होता. फडकं भिंतीवर वाळत घातलेलं, त्यातून पाणी ठिबकत होतं. मी पाटाकडे धावले. वर कोरडंच होतं. माझ्या बोटांचे ठसे धुळीत तसेच होते.

कांबळे गुडघ्यांवर बसला आणि मोठ्यानं मोजायला लागला. "एक... दोन... तीन..." काळ्या पाण्यात एकेक तोंड वर येत होतं. सोळापर्यंत पोचला तेव्हाच थांबला.

गाडीची किल्ली हमदच्या हातातून खाली पडली, ती कुणी उचलली नाही.

उम्म हमदनं गाठोड्याची गाठ सोडली. मग भिंतीकडे बघत, उशिरा घरी आलेल्या माणसाला बोलावं तसं काहीतरी बोलली. मुकादमभाईंनी अर्थ सांगितला नाही. तेवढं अरबी आता मला कळत होतं.

"आज उशीर केलास."