कुंडलची बोरमाळ आणि बिनफीच्या वकीलबाई

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन निवांत बसलो असलो, तरी कुंडल गावच्या त्या बोरमाळेचा गुन्हा काही डोक्यातून जात नाही.

फिर्यादी होते एक निवृत्त सुभेदार. पत्नीची बोरमाळ कपाटातून गायब, कुलूप मात्र शाबूत. पत्नी आजारी मुलीजवळ मलकापूरला होती. "तिला यातलं कळवू नका. बीपी हाय, त्यात पोरगं बॉर्डरवर," असं त्यांनी बजावलं. संशय कोणावर, तर घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईवर. असा संशय पहिल्यांदा कामवाल्या बाईवरच येतो, हे मी नोकरीभर पाहिलं.

त्यात खबऱ्याने बातमी आणली, की ही बाई पलूसला पटवेकऱ्याच्या दुकानात दिसली होती. सोन्याचे मणी नव्या दोऱ्यात गाठवून देणारा तो माणूस. त्याने माळेचं वर्णन सांगितलं आणि बाईला ओळखलंही. आम्ही तिला अटक केली.

महिला हवालदारासमक्ष चौकशी सुरू झाली.

"माळ दुकानातून तू आणलीस?"

"व्हय, म्याच आणली."

"मग आता कुठे आहे?"

"त्ये न्हाई सांगायची, सायेब. चोरली न्हाई, येवढंच."

चोर आधी नाकबूल होतो आणि मग दुसऱ्याचं नाव घेतो. ही बाई दोन्हीपैकी काहीच करेना. मी वैतागलो, आणि खरं सांगतो, तिचं कौतुकही वाटलं. चोरीचा शिक्का बसला तर तिला गावात एकही दार कामासाठी उघडणार नव्हतं.

वकील करायची तिची ऐपत नव्हती. सांगलीतली एक वकिलांची फर्म गरिबांची कामं बिनफी करते. तिथून एक तरुण वकीलबाई आल्या. आमचा ठाणे अंमलदार कुजबुजला, "फुकटातल्या वकीलबाई. वकीलपत्रावर सही घेत्याल आन् जात्याल." त्यांनी ते ऐकलं, हसल्या आणि अशिलाशी एकांतात बोलू देण्याचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. बराच वेळ त्या बाकावर तिच्या शेजारी बसून होत्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काही बोलली का?"

"बोलली. पण ते मला सांगता येणार नाही, साहेब. ज्यांची माळ गेली त्यांचा जबाब मात्र तुम्ही अजून घेतलेला नाही."

मुद्दा बिनतोड होता. सुभेदारांची नाराजी पत्करून मी मलकापूरला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी आरोपीला कोर्टात नेण्याआधीच सुभेदारांच्या पत्नी ठाण्यात आल्या. बाकावर बसलेल्या कामवाल्या बाईकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि सरळ बोलायला लागल्या.

"माळ म्या हिच्याकडनं नवी गाठवून घेतली आन् देवीच्या दानपेटीत टाकली. पोरगं बॉर्डरवरनं सुखरूप घरी येईस्तवर कुणाला सांगायची न्हाई, आसा नवस हाय. ही माझ्यासंगं हुती. हिलाबी देवळात शपथ घातलीया."

मागोमाग आलेले सुभेदार ओरडले, "आगं, पोराचा नवस मोडलास की!"

"पोराकडं देवी बघंल. हिच्याकडं कोण बघणार?"

कामवाली बाई ताडकन उठली. "आवं, का बोललासा बाई? मला नेलं असतं तर नेलं असतं! पोरगं तिकडं हाय न्हवं!" दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. माझेही डोळे भरून आले.

पंचांसमक्ष दानपेटी उघडली, माळ मिळाली आणि बाई सुटली. सुभेदारांनी सर्वांदेखत तिची माफी मागितली.

नंतर मी वकीलबाईंना विचारलं, "तुम्हाला कितपत माहीत होतं?"

"सगळं. वकिलाला सांगितलेलं बाहेर जात नाही म्हटल्यावर पहिल्याच भेटीत तिनं सांगितलं. पण शपथ मोडायची परवानगी दिली नाही. मालकिणीला फक्त अटकेचं कळू दे, एवढंच तिच्याकडून कसंबसं कबूल करून घेतलं."

एका वाक्यात अशील सुटलं असतं, तरी त्या ते वाक्य बोलल्या नाहीत. गरिबाला मोफत वकील म्हणजे कोर्टात उभं राहायला कुणीतरी, असं मी समजत होतो. फी देणाऱ्या श्रीमंताचा शब्द वकील जसा राखतो, तसाच एका मोलकरणीचाही राखला जाताना मी पहिल्यांदाच पाहिला.