डेंग्यू की झिका
दीप्तीला पाचवा महिना होता तेव्हा ताप आला. अंगावर बारीक पुरळ, डोळे लाल, सांधे ठणकत होते. दापोलीच्या आतल्या त्या गावात ती आणि सासू सीताबाई दोघीच राहायच्या. नवरा सम्यक मुंबईत, भांडुपला नोकरीला. ताप आपोआप उतरला म्हणून ती घरीच थांबली, आणि दापोलीला तपासणीला गेली तोवर उशीर झाला होता.

"रक्तात विषाणू सापडायचे दिवस गेले," डॉक्टर मृणाली म्हणाल्या. "आता शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं तपासू."

रिपोर्टमध्ये डेंग्यूही पॉझिटिव्ह आला आणि झिकाही.

"म्हणजे दोन्ही झालेत?"

"तसं नसावं. हे विषाणू एकाच घराण्यातले. एकासाठी तयार झालेली प्रतिद्रव्यं दुसऱ्यालाही चिकटतात, त्यामुळे ही चाचणी फसते. आपण रक्त पुण्याला पाठवू. तिथे दोन्ही विषाणूंवर तुमच्या रक्तातला द्राव घालून कुठला थांबतो ते बघतात. पण वेळ लागेल."

"झिका असला तर?"

डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, होईलच असं नाही, म्हणाल्या. दर महिन्याला सोनोग्राफी करायची. आणि हा आजार नवरा-बायकोच्या संबंधांतूनही पसरतो, तेव्हा निकाल येईपर्यंत जपायचं. एका घरात राहायला, एकत्र जेवायला काही हरकत नाही.

दीप्तीने सगळं फोनवर सम्यकला सांगितलं. त्याने त्यातलं जपायचं तेवढंच धरून ठेवलं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तो दरवर्षी गावी यायचा. या वेळी आला नाही.

"डॉक्टरच जपा म्हणाल्यात ना? रिपोर्ट येऊ दे मग."

"घरात राहायला चालतं म्हणाल्या."

"कशाला उगाच जोखीम घ्यायची?"

ती एकटीच विहारात गेली. बायका बोलल्या, पण पोटाविषयी कुणी काही विचारलं नाही. घरी सीताबाई बाळासाठी गोधडी शिवत होत्या. ती अर्धवट गोधडी घडी घालून माळ्यावर गेलेली दीप्तीला दिसली. "जेवलीस काय गो?" एवढंच सासू विचारायच्या.

तिलाही काही सुचत नव्हतं. पूर्वी ती काम करता करता पोटातल्या बाळाशी बोलायची. आता पोटात हालचाल झाली की हात आपोआप तिकडे जायचा आणि ती तो मागे घ्यायची.

सोनोग्राफीलाही ती एकटीच गेली. डॉक्टरांनी डोक्याचं माप पुन्हा पुन्हा घेतलं. "आज माप ठीक आहे," त्या म्हणाल्या. त्यातला 'आज' हा शब्द घेऊन ती एसटीत बसली. शेजारची सीट रिकामी होती. गाडी सुटली तशी तिने पदर ओढून घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, "हे दापोली. आता आपण घरी चाललोय. जसं असशील तसं ये." घरापर्यंत तिचा हात पोटावरच होता.

पुण्याचा निकाल त्यानंतर आला. द्राव खूप पातळ केला तरी डेंग्यूचा विषाणू त्याने थांबवला होता; झिकावर काहीच परिणाम नव्हता. म्हणजे ताप डेंग्यूचाच होता.

त्याच शनिवारी सम्यक आला. खेळणी घेऊन आला, तिच्या शेजारी बसला.

"मी म्हणत होतो ना, काही नाही होणार."

"तुम्ही काहीच म्हणाला नव्हतात," दीप्ती म्हणाली.

मग तिने त्याला जेवायला वाढलं.

मुलगी झाली, चांगली धडधाकट. बारसं करून सम्यक मुंबईला परत गेला. आता तो रोज व्हिडिओ कॉल करतो, मुलीला दाखव म्हणतो. दीप्ती फोन मुलीसमोर धरते. स्वतः मात्र ती कॅमेऱ्याच्या मागेच बसते.