नाकाने मेणबत्त्या करणारा

माझा धाकटा भाऊ मेणबत्त्या करतो. म्हणजे मेण, वाती, काचेचे पेले आणि बायकोचं स्वयंपाकघर वाया घालवतो. याआधी त्याने मासे पाळून पाहिले, त्याआधी लोकांचे फोटो काढून पाहिले. मासे मेले, फोटोतल्या माणसांची डोकी कापली गेली. दोष अर्थात पाण्याचा आणि कॅमेऱ्याचा. नाचता येईना, अंगण वाकडं! मी त्याला नाकशास्त्री म्हणते, आणि त्या बैलाला ते कौतुक वाटतं.

सुगंधी तेलाच्या बाटलीवर स्पष्ट छापलंय: शंभर ग्रॅम मेणाला फार तर आठ ग्रॅम. त्याहून जास्त तेल मेण धरून ठेवत नाही. वजनकाटा ओट्यावरच असतो. पण शास्त्रीबुवा पातेल्यावर वाकतात, डोळे मिटून हुंगतात आणि अंदाजाने ओततात.

"काटा भाजीवाल्याला लागतो, ताई. मला नाक आहे."

आहे ना. पण खिडक्या लावून सकाळपासून त्याच वासात बसलेल्या नाकाला दुपारी काय डोंबल कळणार? दारात पाऊल टाकताच त्या तेलातल्या गुलाबाच्या वासाने माझं डोकं उठायचं, आणि हा म्हणायचा, "अजून फिकं आहे." की ओतली आणखी एक धार.

भावजय एका छोट्या हॉटेलात जेवणाच्या दालनाची व्यवस्था बघायची. घर तिच्या नोकरीवर चालायचं, आणि नोकरीवर तिचा जीव होता. याने तिच्यामागे लकडा लावला, तुमच्या टेबलांवर माझ्या मेणबत्त्या लाव म्हणून. शेवटी तिने मालकांकडे शब्द टाकला.

"तुमच्या भरवशावर लावतो," मालक म्हणाले. "शनिवारी संध्याकाळचे पाहुणे मोठे आहेत."

तिने घरी येऊन नवऱ्यापुढे हात जोडले. "अहो, एवढ्या वेळी तरी मोजून घाला."

"तू तुझी टेबलं सांभाळ," हा म्हणाला.

त्या संध्याकाळी पेले मांडायला मीही गेले होते. मेणावर घामासारखे तेलाचे थेंब सुटले होते. भावजयीने फडक्याने टिपले, तरी पुन्हा सुटले. वाती पेटल्या, तडतडल्या आणि काळा धूर ओकायला लागल्या. सूपला गुलाबाचा वास, माशालाही गुलाबाचा. एक पाहुणी खोकत उठली, तिच्यामागे अख्खं टेबल उठलं.

मालक तावातावाने आले. "तेल किती घातलंत यात?"

भाऊ तिथेच उभा होता, कडक इस्त्रीच्या शर्टात. त्याने मालकांकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"मोजायचं काम हिच्याकडे होतं."

"खोटारड्या!" मी ओरडले.

"कुणी का घातलं असेना," मालक भावजयीला म्हणाले, "शब्द तुमचा होता. उद्यापासून येऊ नका."

घरी येऊन तिने पानं वाढली, स्वतः घासही घेतला नाही. हा मात्र पोटभर जेवला, हात पुसले आणि म्हणाला, "जाऊ दे गं. बरंच झालं. आता दिवसभर घरीच आहेस, तर मेण वितळवायला मला मदत होईल."

लाज कशाशी खातात हेही याला ठाऊक नाही. भावजय उठली. मला वाटलं, आता तरी ही पातेलं त्याच्या डोक्यात घालेल.

तिने पातेलं शेगडीवर ठेवलं आणि विचारलं, "किती मेण घेऊ?"

त्याचा राग येणं मला सवयीचं आहे. त्या क्षणी तिचाही आला, आणि तो अजून गेलेला नाही.